जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एकच रड सुरू झाली: "भाऊ, अकरा टाकायला गेलो, आता मशीन चालूच होत नाही." रात्री व्हिडिओ बघून सुरुवात करायची आणि सकाळी सीपीयू काखेत मारून आमच्याकडे यायचं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे बॅकअप म्हणून सगळं डी ड्राइव्हवर टाकणं. अहो, सी आणि डी या बहुतेक वेळा एकाच हार्डडिस्कच्या दोन वाटण्या, म्हणजे पार्टिशन असतात. एका छापखान्यात ऐन लग्नसराईत मालकाच्या पुतण्याने हेच केलं. पत्रिकांच्या सगळ्या फायली डीवर हलवल्या आणि पेन ड्राइव्ह लावून सेटअप सुरू केला. डिस्कवर वाटण्यांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची आणि सेटअपला हवी नवी जीपीटी, त्यामुळे सेटअप अडला. व्हिडिओतला हुशार म्हणाला, सगळी पार्टिशन डिलीट करा. पठ्ठ्याने केली! सेटअपच्या त्या यादीत सी-डी अशी अक्षरं नसतात, नुसते पार्टिशनचे नंबर असतात. मशीन माझ्याकडे आलं तेव्हा नवी विंडोज झकास चालू होती आणि पत्रिका गायब. रिकव्हरीने बऱ्याच फायली परत आल्या, पण नावं पुसलेली. कोणती पत्रिका कोणाची, हे एकेक उघडून बघायचं. तेही जमेना, कारण मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला आणि फाँट सी ड्राइव्हबरोबर गेलेले. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

एमबीआरची डिस्क काही न पुसता जीपीटी करणारं 'एमबीआर२जीपीटी' विंडोजमध्येच आहे. पण मी त्याही वाटेला जात नाही. जुन्या डिस्कला हातच लावत नाही. नवी २५६ जीबीची एसएसडी घ्यायची, जुनी हार्डडिस्क केबल काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवायची आणि मग सेटअप सुरू करायचा. महिना-दोन महिने कशाचीच आठवण झाली नाही, तर ती डिस्क दुसऱ्या कामाला. खर्च होतो, मान्य. पण रिकव्हरीचं बिल बघितलेला माणूस घासाघीस करत नाही.

दुसरी चूक त्याच छापखान्यात निघाली. त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर डाँगलवर (लायसन्सची किल्ली म्हणून मशीनला लावायचा तुकडा) चालणारं आणि डाँगलचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची विंडोजशी गाठ घालून देणारा प्रोग्राम, ३२-बिटचा. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते, तिथे ३२-बिटचा ड्रायव्हर बसतच नाही. जुन्या प्रिंटर-स्कॅनरचंही तेच. म्हणून आधी वहीत यादी करा: रोज काय काय वापरता, त्याची सीडी किंवा लायसन्स कुठे आहे, ६४-बिटचा ड्रायव्हर मिळतो का. मिळत नसेल तर ते मशीन जसंच्या तसं ठेवा, नेटची केबल काढा आणि नवं काम दुसऱ्यावर करा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही म्हणून मशीन भंगारात काढू नका. कित्येकदा ते बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) फक्त बंद असतं. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) खटपट करून विंडोज ११ च्या अटी चुकवण्याचा मला कंटाळा आहे. आज चालेल, पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी कोण देणार? कोअर २ ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर तर २४एच२ या २०२४ च्या मोठ्या अपडेटपासून विंडोज ११ सुरूच होत नाही, कितीही जुगाड करा. त्यावर विंडोजऐवजी चालणारी फुकटातली लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कवर काही न टाकता.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारेही भेटलेत.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर यूपीएसवर लावा. बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्डच जातो.

आणि जीएसटी रिटर्नच्या आदल्या दिवशी अपग्रेडला मशीन आणू नका. वीस तारखेनंतर या.