बेस ॲम्पला कॅब जोडताय? आधी ओमचा हिशोब, वॉटचं नंतर बघू

बेस हेडच्या (म्हणजे स्पीकर नसलेल्या नुसत्या ॲम्पच्या) मागे दोन स्पीकर आउट दिसले की बऱ्याच जणांना वाटतं प्रत्येक आउटला 4 ओमचं कॅब (स्पीकरची पेटी; ओम म्हणजे ती करंटला किती अडवते) चालणार, कारण शेजारी मिनिमम 4 ओम असं छापलेलं असतं. तसं नसतं. बहुतेक हेडमधे ही दोन्ही सॉकेट आतून पॅरललच जोडलेली असतात, म्हणजे एकामागे एक (सिरीज) नाही तर शेजारी-शेजारी, पॉवर सेक्शन एकच असतो, आणि तो 4 चा आकडा सगळी कॅब मिळून जे काही होतं त्याच्यासाठी असतो. आणि एका कॅबमधून दुसऱ्या कॅबला केबल नेली की लोक म्हणतात सिरीज झालं, पण कॅबच्या मागची ती दोन सॉकेटपण जवळजवळ नेहमी पॅरललच असतात, त्यामुळे दोन्ही केबल हेडमधून न्या नाहीतर एकातून दुसऱ्यात न्या, हिशोब तोच.

हिशोब शाळेतलाच आहे. कॅब सारखी असतील तर एका कॅबचे ओम भागिले कॅबची संख्या, म्हणजे 8 ची दोन लावली तर 4, 4 ची दोन लावली तर 2. वेगवेगळी असतील तर गुणाकार भागिले बेरीज, 8 आणि 4 चं कॅब एकत्र लावलं तर 32 भागिले 12, साधारण 2.67. 8 ची तीन लावली तरी 2.67 च. मिनिमम 4 वाल्या हेडला हे चालत नाही, संपला विषय. गाणं सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं काही होत नाही म्हणून लोकांना वाटतं चालतंय की, पण ट्रान्झिस्टरमधून 4 ओमच्या मानाने दीडपट करंट जात असतो, हेड तापतं, मग प्रोटेक्शन असेल तर आवाज बंद आणि नसेल तर आउटपुट स्टेज जळते, तीही नेमकी शेवटच्या गाण्याला.

उलट बाजूने, म्हणजे ओम जास्त असतील तर सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाल्या) आणि क्लास डी (त्यातल्याच हलक्या प्रकारच्या) हेडला काहीच धोका नाही. 4 ओमला 500 वॉट देणारं हेड 8 ओमच्या एका कॅबला 250-300 च्या आसपास देतं, आणि घाबरू नका, वॉट निम्मे झाले म्हणजे आवाज निम्मा होत नाही, फरक 3 डेसिबलच्या आसपास पडतो. म्हणून नवीन घेताना मी तरी 8 ओमचंच कॅब घ्या म्हणेन. पुढे तसंच अजून एक घेता येतं, आणि दुसऱ्या कॅबने आवाजात जो फरक पडतो तो नुसत्या जास्त वॉटच्या हेडने पडत नाही, कारण हवा ढकलणारे कोनच (स्पीकरचे पडदे) दुप्पट होतात.

ट्यूब (व्हॉल्व्हवाल्या) हेडचं मात्र गणित वेगळं. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे ओमचा सिलेक्टर असतो, तो एकूण लोडला, म्हणजे सगळ्या कॅबच्या मिळून होणाऱ्या ओमला, जुळला पाहिजे. अँपेग एसव्हीटी घ्या, 1969 पासूनचं 300 वॉटचं ट्यूब हेड, त्याचं ठरलेलं कॅब म्हणजे 8 बाय 10 (10 इंची आठ स्पीकर), त्यात मुळात 32 ओमचे आठ स्पीकर पॅरलल, म्हणून कॅब 4 ओमचं. एक कॅब लावलं तर सिलेक्टर 4 वर, दोन लावली तर 2 वर. आणि ट्यूब हेड कॅबशिवाय कधीच वाजवायचं नाही, लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मरमधे व्होल्टेज इतकं उसळतं की आत स्पार्किंग होऊन तो जातो, आणि तसा ट्रान्सफॉर्मर मिळवणं म्हणजे खिसा रिकामा.

आता केबल. गिटारची लीड आणि स्पीकर केबल, दोन्हीला तोच जाड जॅक असतो तर बाहेरून सेम दिसतात, पण गिटार लीडमधली मधली तार केसासारखी बारीक असते, ती तापते, वितळते आणि शॉर्ट झाली तर हेडपण घेऊन जाते. स्पीकर केबलला दोन्ही तारा सारख्या जाड, 2.5 स्क्वेअर एमएमची घेतली तर बघायलाच नको, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. दोन्ही टोकांना रंगीत टेप मारून ठेवा, म्हणजे गिटार लीडशी गल्लत होत नाही. स्पीकॉन (स्पीकरसाठीचा लॉकवाला कनेक्टर) असेल तर जॅकऐवजी तोच वापरा, घुसवून फिरवला की लॉक होतो, आणि जॅक लावता-काढताना जो क्षणभर शॉर्ट होतो तो प्रकार नाही.

क्लास डी हेडबद्दल अजून एक, बऱ्याच हेडमधे स्पीकर आउटच्या दोन्ही तारा लाइव्ह असतात, निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड असं समजून ती कशालाच टेकवायची नाही. साउंडवाला म्हणाला मिक्सरला सिग्नल द्या तर स्पीकर आउट नाही, डीआय आउट (मिक्सरसाठीचं वेगळं सॉकेट) द्यायचा. आणि दोन हेड एका कॅबला? अजिबात नाही.

कॅबवरचं लेबल उडालं असेल तर मल्टिमीटर लावा, 8 ओमचं कॅब 5.5 ते 7 च्या मधे दाखवतं, 4 चं साधारण 3 ते 3.5. आकडा कमी आला म्हणून स्पीकर खराब नाही, मीटर फक्त डीसीचा रेझिस्टन्स मोजतो, लेबलवरचे ओम आवाजाच्या सिग्नलसाठीचे असतात.

वॉटचं थोडक्यात: सारख्या ओमच्या कॅबमधे पॉवर सारखी वाटली जाते. 8 ओमचं 4 बाय 10 आणि 8 ओमचं एक 15 इंची लावलं तर 500 मधले 250 त्या चौघांत, आणि उरलेले 250 एकट्या 15 वर, त्यामुळे जपायचं त्याला. पाच तारांच्या बेसची लो बी 31 हर्ट्झची असते, तिथे कॉइल जळायच्या कितीतरी आधी कोन फडफडायला लागतो. फडफड ऐकू आली की आधी बेसचा नॉब खाली, मग व्हॉल्यूम.

जोडण्या सगळ्या हेड बंद असताना करायच्या, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऑन करायचं. आणि शोला गेल्यावर बॅकलाइनवाल्याला (स्टेजवरचे ॲम्प-कॅब पुरवणाऱ्याला) पहिला प्रश्न वॉटचा नाही, कॅब किती ओमचं हा विचारा. तिथे 4 ओमचं 8 बाय 10 उभं असेल आणि तुमचं हेड मिनिमम 4 चं असेल, तर तुम्ही सोबत आणलेलं 8 ओमचं कॅब गाडीतून उतरवूच नका.