ब्लॅक फ्रायडेचा दिवस कुटुंबासाठी राखून ठेवावा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा कृतज्ञतेचा कौटुंबिक सण असतो आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ब्लॅक फ्रायडेला, दुकानांत मोठ्या सवलतींसाठी झुंबड उडते. घरची सगळी माणसे एकत्र आलेली असताना तो दिवस रांगेत घालवायचा नसेल, तर खरेदीची यादी बुधवारीच करून ठेवावी. सवलत नसती तरीही लवकरच घ्याव्या लागल्या असत्या, अशाच वस्तू तीत लिहाव्यात आणि प्रत्येकीचा सध्याचा भाव टिपून ठेवावा, कारण फुगवलेल्या मूळ किमतीवरून मोजलेली सवलत दिसते तेवढी मोठी नसते. अनेक सवलती ऑनलाइनही मिळतात आणि सोमवारच्या सायबर मंडेपर्यंत, म्हणजे ऑनलाइन सवलतींच्या दिवसापर्यंत, चालू राहतात. त्यामुळे यादीतली खरेदी रात्री मुले झोपल्यावरही आटोपता येते.

दिवसाचा बेत मात्र आधीच ठरलेला हवा, कारण मोकळा दिवस हमखास दुकानाकडे वळतो. भटकंतीचे साहित्य विकणाऱ्या आरईआय या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये ब्लॅक फ्रायडेला आपली सर्व दुकाने बंद ठेवून लोकांना निसर्गात जाण्याचे आवाहन केले होते, आणि काही राज्यांत त्या दिवशी राज्य उद्यानांत विनामूल्य प्रवेश असतो. निघण्यापूर्वी त्याची चौकशी करावी. हवा वाईट असल्यास जुन्या छायाचित्रांचा खोका काढून आजी-आजोबांकडून एकेका चेहऱ्याची ओळख करून घ्यावी आणि नातवंडांनी ती नावे छायाचित्रांमागे मऊ पेन्सिलीने लिहावीत. हे काम बाकी वर्षभर मागे पडत राहते, म्हणून मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.