ऑफ-रोड आणि कॅम्पिंग: गाडी रुतते ती उशिरामुळे, या चुका टाळा

शनिवारी सकाळी सहाला निघायचं ठरलेलं असतं. एक जण डिझेल भरायला जातो, दुसरा बर्फ शोधतो, तिसऱ्याची वाट पाहत पुण्याच्या चांदणी चौकातच दहा वाजतात. मग पिरंगुटला मिसळ, ताम्हिणीत फोटो, आणि डांबर सोडून धरणाच्या काठाकडे वळायची वेळ येईपर्यंत उन्हं कलतात. गाड्या रुततात त्या बहुधा याच शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. थारमध्ये किंवा जिम्नीत काही कमी असतं म्हणून नव्हे. उतरून, पायी जाऊन वाट बघायला उजेड उरलेला नसतो म्हणून.

म्हणून पहिली अट: मुक्कामाच्या जागी दुपारी चारपर्यंत पोहोचायचं. जमलं नाही तर रात्र गावातच काढायची, कुणाच्या तरी अंगणात विचारून तंबू ठोकायचा आणि पुढची वाट सकाळी धरायची. यात काही कमीपणा नाही, उलट जेवणही बरं मिळतं.

गाळावर गाडी घालणं

पाणी उतरू लागलं की धरणाच्या काठची जमीन उघडी पडते. वरून भेगाळलेली, टणक दिसते. पण पाणी नुकतंच हटलं असेल तर त्या पापुद्र्याखाली लोण्यासारखा गाळ असतो. उतरा, टाच जोरात मारा. टाच रुतली किंवा खड्ड्यात पाणी पाझरलं की गाडी तिथेच थांबवा आणि सामान हातात घेऊन चाला. दुसरी गोष्ट, ती जमीन मोकळी पडलेली नसते. जलसंपदा खातं ती शेतकऱ्यांना गाळपेरासाठी देतं. अंधारात तुम्ही ज्याला मैदान समजता ते कुणाचं तरी पेरलेलं रान असू शकतं.

रुतल्यावरची पहिली चूक म्हणजे ॲक्सिलरेटर. चाकं गरगर फिरतात, स्वतःसाठी खड्डा खणतात आणि गाडीचं पोट जमिनीला टेकतं. पोट टेकलं की फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देण्याचा, काही उपयोग नाही. गाडी पुढे सरकायची थांबली त्याच क्षणी पाय काढा. आपल्याच चाकोरीतून हलक्या पायाने मागे येऊन बघा. जमलं नाही तर फावड्याने चाकांपुढचा आणि पोटाखालचा चिखल काढा, टायरमधली हवा कमी करा, चाकांपुढे दगड पसरा. चाकाखाली गाडीतली पायपुसणी घातलीत तर मागे कुणाला उभं राहू देऊ नका, चाक ती जोरात मागे फेकतं.

‘फोर बाय फोर टाकलंय, तरी एकच चाक फिरतंय’ ही तक्रार नेहमीची. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. साध्या डिफरन्शियलमध्ये पकड सुटलेलं चाकच फिरत राहतं, दुसरं जागचं हलत नाही. फोर्स गुरख्यात पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतं. जिम्नीत हे काम ब्रेक करतो, म्हणजे सुट्या फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते. त्या वेळी खालून करकर आवाज येतो आणि घाबरून चालक पाय काढतो. तिथेच घोळ होतो. अशा गाडीत आवाज आला की पाय लगेच काढू नका, स्थिर ठेवा, दोन-तीन सेकंद तरी.

लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर, रुतल्यावर नव्हे, चिखलात शिरण्याआधी टाकायची, तीही गाडी पूर्ण थांबवून. आणि डांबरावर परत आलात की टू-व्हीलमध्ये या. थार, जिम्नीसारख्या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नसतं. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण कुठे जिरत नाही. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळत वळते आणि लिव्हर अडकून बसतो. जोर लावून तो उपटू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, ताण सुटला की लिव्हर आपोआप मोकळा होतो.

हवेचं गणित सोपं आहे. रस्त्यावर ३०च्या आसपास पीएसआय असेल तर चिखलात किंवा मऊ मातीत १८ ते २०. १५च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. पण हवा काढायला काडी पुरते, भरायला कंप्रेसर लागतो आणि नेमका तोच घरी राहतो. कमी हवेत हायवेवर वेगाने गेलात तर टायर तापून फाटतो.

ओढण्यातली चूक जिवावर बेतते

या भागाबद्दल मी हटवादी आहे. टोबॉलला दोरी कधीही अडकवायची नाही. ट्रेलर ओढायला बनवलेला तो गोळा झटका बसला की तुटतो आणि मागच्या गाडीची काच फोडून आत येतो. परदेशात यात माणसं गेली आहेत. टूलकिटमधला पेचाचा हूकही बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर ओढण्यापुरताच. झटका देऊन ओढायचं असेल तर ताणली जाणारी कायनेटिक दोरी, चासीला बसवलेला भक्कम हूक, आणि दोरीच्या मधोमध ओलं गोणपाट किंवा घोंगडी टाकलेली, म्हणजे ती तुटली तर उसळण्याआधी खाली पडेल. बघ्यांनी दोरीच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं. व्हिडिओ काढणारा मित्र नेमका दोरीच्या रेषेत उभा असतो, त्याला आधी हाकला.

गावातला ट्रॅक्टरवाला हाकेला येतोच, पण साखळी तो हाताला लागेल तिथे अडकवतो, कधी बंपरला, कधी चाकं वळवणाऱ्या टाय रॉडला. मग गाडी निघते आणि स्टिअरिंग वाकडं होतं. ‘दादा, इथे लावा’ असं आपणच दाखवायचं. त्यासाठी आपल्या गाडीचा हूक कुठे आहे हे घरीच वाकून पाहिलेलं असावं. पैसे आधी बोलून घ्या. रात्री अकराला माणसाला झोपेतून उठवून वर घासाघीस करू नका.

ओढा, फरशी पूल आणि बंद पडलेलं इंजिन

थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं लिहिलेलं असतं. वाहत्या पाण्यात तो आकडा विसरा. गढूळ प्रवाहाखाली फरशी वाहून गेलीय की जागेवर आहे हे वरून कळत नाही आणि बाजूने रेटा बसला की जड गाडीही सरकते. सह्याद्रीत वरच्या बाजूला पाऊस पडतो आणि खाली कोरड्या आभाळाखाली ओढा फुगतो. सकाळी घोट्याइतकं पाणी होतं, हा हिशोब संध्याकाळी चालत नाही. २०२४च्या जूनमध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही असंच वाढत्या पाण्यात अडकून.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ओढून एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर तिथून टोचनच. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुतेकदा बसत नाही, इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते.

तंबूची जागा

धरणाखालच्या नदीपात्रातली वाळू तंबूला मऊ लागते. पण एप्रिल-मेमध्येही तिथे पाणी येतं, कारण शेतीसाठी आवर्तन सुटतं. भोंगा ऐकू येईलच असं नाही. गावात विचारा, आवर्तनाच्या तारखा शेतकऱ्यांना पाठ असतात.

कड्याखाली शेकोटी पेटवण्याआधी मान वर करा. आग्या मोहोळ धुराने उठलं तर पळायलाही जागा उरत नाही. उन्हाळी गवतात तर शेकोटीच नको. एका ठिणगीचा वणवा डोंगर खातो, आणि राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेणं हा त्याहून मोठा धोका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. कोकणच्या कातळावर फुरसं असतं, तेव्हा रात्री टॉर्चशिवाय पाय टाकू नका. चावलंच तर जखमेला चिरा देणं आणि मंत्र नकोत, १०८ला फोन लावा.

सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गाडी नेऊ नका. पावसानंतर तिथल्या ओलसर मातीत उगवणारी फुलं एका चाकाखाली जातात. समुद्रकिनाराही नकोच. भरतीत गाडी गेली की मदतीपेक्षा व्हिडिओ काढणारेच जास्त जमतात, आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेल्यास गुन्हा दाखल होतो.

रविवारी परतताना

हायवेला ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागलं की सगळे व्हील अलाइनमेंटचं दुकान शोधतात. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला सुकून बसलेला चिखल हेच कारण असतं, त्याने चाकाचा तोल जातो. आधी पाण्याचा पाइप आतून मारून बघा, आणि जाळीत अडकलेला चिखल निघेपर्यंत रेडिएटरवरही, मात्र इंजिन थंड झाल्यावर.