हिमोग्लोबिन कमी आहे? या चुका टाळा (मी जवळजवळ सगळ्या केल्यात)

दोन वर्षं माझं हिमोग्लोबिन ८ ते ९.५ च्या मधे झोके घेत होतं. वय ४३, दोन पोरं, बँकेतली नोकरी, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायम बंद. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर वाकून चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करायचे, म्हणजे समोरच्या काकूंना दम लागलेला कळू नये. शेवटी कारण सापडलं, पण मधे इतका वेळ आणि पैसा वाया गेला की म्हटलं लिहूनच काढावं. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचा डोस मला विचारू नका.

"अनिमिया झालाय" म्हणजे निदान झालं असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या हिच्याच पोटी जन्मलेल्या. ताप आला की आपण विचारतो कशामुळे आला, मलेरिया आहे का टायफॉइड. हिमोग्लोबिन कमी आलं की मात्र कुणी काही विचारत नाही, लोहाच्या गोळ्या लिहून देतात आणि आपण घरी येतो. बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की त्याला अनिमिया म्हणतात, एवढंच. रक्त कुठून तरी जातंय, का नीट तयारच होत नाहीये, का तयार झालेलं लवकर फुटतंय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यात आपल्याकडे १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना अनिमिया आहे (२०१९-२१ च्या एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेचा आकडा), त्यामुळे डॉक्टरांपासून सासूबाईंपर्यंत कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही. "बायकांना असतंच गं."

आधी इंजेक्शन, मग टेस्ट

थकवा आला म्हणून मी आमच्या नेहमीच्या दवाखान्यात गेले आणि ताकदीची ती लाल इंजेक्शनं पाच घेतली, एक दिवसाआड. बरं वाटलं थोडं. मग महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी बी१२ करायला सांगितलं तर आलं ९०० च्या वर, ते म्हणाले बी१२ उत्तम आहे, तो विषय संपला. आता ती लाल इंजेक्शनं म्हणजेच बी१२ हे मला कुठे माहीत, आणि मीही त्यांना सांगितलं नाही कारण त्यांनी विचारलं नाही. या एका रिपोर्टने मला दीड वर्ष मागे नेलं. तेव्हा रक्त आधी द्या, औषध नंतर सुरू करा, आणि अगोदरच काही चालू असेल, अगदी मेडिकलवाल्याने दिलेली मल्टीव्हिटॅमिनची गोळी असेल तरी ते सांगा. रक्त चढवायची वेळ आली तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एकदा बाहेरचं रक्त अंगात गेलं की थॅलेसेमिया किंवा सिकलसेल (आईवडिलांकडून येणारे हिमोग्लोबिनचे आजार) शोधायची एचपीएलसी नावाची रक्ताची टेस्ट काही महिने नीट वाचता येत नाही.

रिपोर्टमधली एकच ओळ वाचणं

सीबीसीचा (रक्तातल्या पेशींच्या साध्या तपासणीचा) कागद आला की आपली नजर हिमोग्लोबिनवर जाते, लाल शाईत असतं ना. त्याच्या खालच्या दोन ओळी बघा, एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा साइज, साधारण ८० ते १००. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी असेल तर मोठ्या. आणि दोन्ही एकदम कमी असेल तर? काही पेशी लहान, काही मोठ्या, सरासरी मस्त नॉर्मल! माझा एमसीव्ही ८६ होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण आरडीडब्ल्यू १९ होता, म्हणजे पेशींच्या साइजमधे प्रचंड फरक, आणि ते दोन वर्षांच्या प्रत्येक रिपोर्टमधे छापलेलं होतं, माझ्याच कपाटात, माझ्याच फाइलमधे.

उलटी गंमत थॅलेसेमिया मायनरची. त्यात पेशी खूप लहान असतात पण आरबीसीची, म्हणजे लाल पेशींची संख्या भरपूर असते आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा नॉर्मल असतो. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा समाजांत हे जास्त दिसतं, पण कुणातही असू शकतं. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देण्यात काही अर्थ नसतो. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी आता सरकारी दवाखान्यात होते, ती लग्नाआधी करून घेतलेली बरी.

फेरिटिनबद्दल एक. अंगात कुठे सूज, इन्फेक्शन, संधिवात असेल तर ते खोटं वर जातं, लोह कमी असूनही ठीक दिसतं. त्यामुळे सर्दी-तापात ही टेस्ट करू नका.

गोळी चालू आहे पण पोटात काय चाललंय ते बघितलंच नाही

माझी सकाळ ऐका. उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, तिच्याबरोबरच लोहाची (विसरायला नको म्हणून), त्यावर अॅसिडिटीची, दहा मिनिटांनी चहा. आता चहा लोह शोषू देत नाही, अॅसिड कमी करणारी गोळीही देत नाही, आणि लोह थायरॉइडची गोळी शोषू देत नाही! तिन्ही एकमेकींच्या उरावर. थायरॉइडची गोळी आणि लोह यांच्यात चार तासांचं अंतर हवं, कॅल्शियमचंही तसंच, चहा-कॉफी निदान तास-दोन तास लांब. लिंबूपाणी किंवा संत्र्याबरोबर लोह घेतलेलं चांगलं. बद्धकोष्ठता, मळमळ होऊन गोळी सोडून देणारे खूप आहेत, सोडू नका, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या, बऱ्याच जणांना तसं सोसतं आणि शोषणही बरं होतं. गोळ्यांनी शी काळी होते ते नॉर्मल. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली तर ते गोळीवर ढकलू नका, ते पोटातलं रक्त असू शकतं.

बीट, खजूर, डाळिंब

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हे आपल्या डोक्यातून काढणं अवघड आहे. १०० ग्रॅम बीटात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम. अळिवाचे लाडू, नाचणी, पालेभाज्या, मटणाची कलेजी खाणारे असाल तर ती, लोखंडी कढई, हे सगळं करा की, चांगलंच आहे, पण ८ वरचं हिमोग्लोबिन लाडवांनी १२ होत नाही. आणि घरात कुणी पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती किंवा कच्चे तांदूळ खात असेल तर त्याला रागवत बसू नका, सीबीसी करा. मी ऑफिसात डब्यातून कच्चे तांदूळ न्यायचे, कुणाला सांगायची लाज वाटायची. लोह भरून निघाल्यावर ते खावंसं वाटणं आपोआप गेलं.

पहिलं कारण सापडलं की शोध बंद

सोनोग्राफीत माझ्या गर्भाशयात दोन सेंटीमीटरचा फायब्रॉइड (साधी गाठ) निघाला. झालं, सगळे खूश, मीपण. पाळी जास्त जाते, फायब्रॉइड आहे, अजून काय पाहिजे? हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू बसवली, पाळी जवळजवळ थांबली, आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.८. खरं तर नीट गोळ्या घेतल्या तर महिन्याभरात निदान १ ग्रॅम वाढायला हवं, नाही वाढलं तर एकतर गोळी पोटात जात नाहीये, किंवा शोषली जात नाहीये, किंवा रक्त अजून कुठून तरी जातंय. हा साधा हिशेब मला शेवटी रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी सांगितला. त्यांनी विचारलं, पायाला मुंग्या येतात का? येत होत्या, वर्षभर, मी म्हणायचे खुर्चीत बसून येत असतील. बी१२ परत केलं, १४०, म्हणजे कमी.

पुरुषांत आणि पाळी बंद झालेल्या बायकांत तर लोह कमी निघालं की पोटाची आणि आतड्याची दुर्बीण टाळूच नये. आमच्या नात्यातल्या एका काकांनी "मुळव्याध आहे ना मला, त्यातून जातं" म्हणत दीड वर्ष काढलं, कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेणाऱ्यांच्या जठरातूनही हळूहळू रक्त जात राहतं, दिसतही नाही. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासा.

माझी दुर्बीण झाली, जठरातून तुकडे तपासायला घेतले. निघालं ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस, म्हणजे शरीरच स्वतःच्या जठराच्या अस्तरावर हल्ला करतं. अॅसिड तयार होत नाही म्हणून लोह शोषलं जात नाही, आणि बी१२ साठी लागणारं एक प्रथिन तयार होत नाही म्हणून तेही नाही. म्हणजे ज्या जठरात अॅसिडच बनत नव्हतं त्यासाठी मी वर्षानुवर्षं अॅसिडिटीची गोळी खात होते! हा आजार ऑटोइम्यून थायरॉइडवाल्यांत जास्त सापडतो हे ऐकून मी तर कपाळावर हात मारला, थायरॉइड तर माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

आकडा वाढला की सगळं बंद करणं

१२ झालं की गोळ्या सोडायच्या नाहीत, साठा भरायला पुढे अजून साधारण तीन महिने लागतात. माझ्या बाबतीत लोह सलाइनमधून दिलं आणि बी१२ चं इंजेक्शन महिन्याला एक, जन्मभर. तीच लाल इंजेक्शनं, पण आता कशासाठी घेतेय ते माहितीये. काही वर्षांनी दुर्बीण परत करायची आहे कारण या आजारात जठराच्या कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो.

शोध चालू असताना काय करायचं? रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमधे लावा, कुठलं औषध कधी सुरू केलं ते त्याच कागदावर पेनाने लिहा. चक्कर येत असेल तर स्कूटर चालवू नका. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, बेशुद्ध पडलात, रक्ताची उलटी झाली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

माझ्या ताईलाही थायरॉइड आहे आणि तिचंही हिमोग्लोबिन १०.२ आलंय. शनिवारी तिचं सीबीसी, फेरिटिन आणि बी१२ आहे. काल फोनवर म्हणत होती की तोवर डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं लिहून दिलीत, घेऊन टाकू का?