बोलोन्यात इटालियन क्लायंटला जेवायला नेताना

बोलोन्याच्या आसपास पॅकेजिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा पट्टा आहे. पुण्या-चाकणहून कामासाठी तिथे गेलात आणि क्लायंटला पारंपरिक त्रात्तोरियात, म्हणजे साध्या घरगुती खानावळीत, न्यायचं ठरवलंत, तर टेबल आधी फोन करून राखा. दुपारचं जेवण साधारण 12.30 ते 2.30, रात्रीचं 7.30 नंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं. आठवड्याची सुट्टी विचारून घ्या. ऑगस्टमध्ये, विशेषतः 15 तारखेच्या आसपास, बरीच दुकानं आणि खानावळी बंदच असतात.

शाकाहाराचा प्रश्न त्याच फोनवर सोडवा, टेबलावर नाही. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर हॅमचे तुकडे किंवा मासा पानात येऊ शकतो. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ असं तिन्ही सांगा: मांस नाही, मासा नाही, मांसाचं पाणीही नाही. सुपं आणि रिसोत्तो (मऊ शिजवलेला भात) बरेचदा मांसाच्याच पाण्यात शिजतात. क्रेशेन्तीने ही तळलेली भाकरी निरुपद्रवी दिसते, पण ती पारंपरिकरीत्या डुकराच्या चरबीत तळतात. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने) विरजतात, त्यामुळे कडक शाकाहाऱ्याने तेही नको म्हणावं. गोड पदार्थांपैकी पानाकोत्तात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारं) असतं आणि तिरामिसूत बहुधा कच्चं अंडं.

मग खायचं काय? अंडं आणि चीज चालत असेल तर रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले तोर्तेल्लोनी (सारण भरलेला पास्ता), लोणी आणि सेजच्या पानांत. तेही चालत नसेल तर सुक्या पास्त्याची ‘स्पागेत्ती अल पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोच्या सॉसमधली, चीजशिवाय. ताजा ताल्यातेल्ले (चपट्या पट्ट्यांचा पास्ता) टाळा, त्याच्या पिठात अंडं असतंच. सोबत भाजलेल्या भाज्या, ‘वेर्दुरे ग्रील्याते’. कांदा-लसूण चालत नसेल तर ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’ हेही आधीच सांगा, कारण सॉस सकाळीच करून ठेवलेला असतो.

क्रम असा: आन्तिपास्तो म्हणजे सुरुवातीचे छोटे पदार्थ, मग प्रीमो म्हणजे पास्ता, मग सेकोन्दो म्हणजे मांस किंवा मासा. भाजी, कोन्तोर्नो, वेगळी मागवावी लागते. सगळं मागवायची सक्ती नाही, पण पाहुण्यापेक्षा एक पदार्थ कमी मागवलात तर त्याला एकट्याने खात बसावं लागतं. म्हणून त्याने सेकोन्दो मागवला तर तुम्हीही भाज्यांची डिश त्याच वेळी मागवा.

पास्ता सुरीने कापू नका. दोन-चार तंतू काट्यावर गुंडाळा. जास्त घेतले की गोळा मोठा होतो आणि सॉस उडतो. पाव थेट टेबलक्लॉथवर ठेवायचा. हात मांडीवर नकोत, मनगटं टेबलाच्या कडेशी राहू द्या. माशाच्या पास्त्यावर चीज मागू नका. ‘स्पागेत्ती बोलोन्येसे’ तर इथे मागूच नका: इथला रागू, म्हणजे मांसाचा सॉस, ताल्यातेल्लेवर येतो. शिजलेल्या ताल्यातेल्लेची रुंदी 8 मिलिमीटर असावी, हे इथल्या वाणिज्य मंडळात 1972 मध्ये नोंदवलंय. गप्पांना हा विषय उत्तम आहे, कारण शहराला त्याचा मनापासून अभिमान आहे.

किमतीची बोलणी पहिल्या पास्त्याआधी काढू नका. कुटुंब, फुटबॉल, गावातलं जेवण यावर बोला. कामाचं पाहुण्यानेच काढलं तर तेव्हा, नाहीतर कॉफीवर. इंजिनिअर असेल तर ‘इन्जेन्येरे’ हे संबोधन लावून आडनावाने हाक मारा. तो स्वतः पहिलं नाव सांगेपर्यंत ते वापरू नका. वाइन घेत नसाल तर सरळ सांगा, कुणी रागावत नाही. जेवणानंतर कॅपुचिनो नाही, ‘काफ्फे’ म्हणजे छोटी एस्प्रेसो.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. आमंत्रण तुमचं असेल तर गोड पदार्थ चालू असताना उठून काउंटरवर चुकतं करून या, टेबलावर ओढाताण होत नाही. कंपनीच्या नावाचं बिल, ‘फात्तूरा’, हवं असेल तर साधी पावती छापण्याआधी सांगा. नंतर बदलून घेणं त्रासाचं होतं. ‘कोपेर्तो’ या नावाने, म्हणजे टेबलाच्या मांडणीचे, माणशी साधारण 2 ते 4 युरो लागतात, ती चूक नाही. टिप सक्तीची नाही.