शाळेतलं गणित घरात कसं वापरावं: रिक्षा, लोडिंग, टँकर आणि हप्ता

दहावीनंतर गणित सुटलं असं म्हणणारी माणसंही दिवसभर हिशोब करतच असतात. गुणाकार-भागाकार बहुतेकांना येतो, नाहीतर मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतोच. अडतं ते त्याच्या आधी. हे टक्के कशाचे, हा दर कशाला, आकडा कोणत्या एककात, हे विचारायचं राहून जातं. उत्तरापुढे ‘चौरस मीटर’ऐवजी नुसतं ‘मीटर’ लिहिलं की बाई अर्धा गुण कापायच्या, ते अगदी बरोबर होतं.

एक वही, मोजायची टेप, मागच्या महिन्याचं वीजबिल आणि कर्ज असेल तर हप्त्यांचा तक्ता घेऊन बसा. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर त्यालाही बसवा. इथलं जवळपास सगळं गणित त्याच्या पुस्तकात आहे.

पायरी 1: आधी अंदाज बांधा

सुरुवात रिक्षापासून करा. 1 फेब्रुवारी 2025 पासून लागू झालेल्या दराने मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17.14 रुपये पडतात. 17.14 ला दीडने गुणलं तर 25.71 येतात, म्हणजे जवळपास तेच 26. म्हणून वेगळं काही लक्षात ठेवायला नको, अंतराला 17 ने गुणा. सहा किलोमीटरला 102 च्या आसपास. रात्री बारा ते पहाटे पाच असेल तर त्यात पाव भाग मिळवा, म्हणजे 128 च्या आसपास. मीटर यापेक्षा बराच जास्त दिसला तर एकतर वाहतुकीत खोळंबा झाला किंवा रस्ता लांबचा घेतला, आणि ते तुम्हाला उतरायच्या आधी कळतं.

अंदाज बांधायची सवय लागली की दशांश चिन्ह चुकलेलं लगेच खुपतं. कॅल्क्युलेटर हे काम करत नाही.

पायरी 2: टक्के दिसले की ‘कशाचे?’ असं विचारा

दुकानावर ‘50 टक्के सूट, वर आणखी 20 टक्के’ अशी पाटी असते. 2,000 ची साडी आधी 1,000 ला येते, मग 20 टक्के त्या 1,000 चे, म्हणजे 800 रुपये. एकूण सूट 60 टक्के, 70 नव्हे.

घर बघताना हाच प्रश्न लाखांत जातो. एजंट सांगतो, ‘650 चौरस फूट, 30 टक्के लोडिंग.’ बरेच जण 650 मधून 30 टक्के वजा करून 455 धरतात. पण लोडिंग, म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा, कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर चढवलेलं असतं. म्हणजे कार्पेट गुणिले 1.3 बरोबर 650. म्हणून 650 ला 1.3 ने भागा: 500 चौरस फूट. आता मागितलेल्या किमतीला 500 ने भागून प्रत्यक्ष वापरायच्या जागेचा दर काढा आणि मगच दोन घरांची तुलना करा. रेरा या घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानंतर नव्या प्रकल्पात कार्पेट क्षेत्रफळ सांगणं बंधनकारक आहे आणि कागदपत्रांत ते बहुधा चौरस मीटरमध्ये असतं. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. तोंडी करायचं तर दहाने गुणा आणि आलेल्या उत्तराचे साडेसात टक्के मिळवा. 40 चौरस मीटरचे 400 अधिक 30, म्हणजे 430. शिवाय लक्षात ठेवा, रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरलेली असते. टेपने खोल्या मोजून बेरीज केली तर थोडी कमी भरणारच.

सोन्याचंही तसंच. 22 कॅरेट म्हणजे 24 पैकी 22 भाग शुद्ध सोनं. भागाकार केला की 0.916, दागिन्यावर ठसा असतो तो हाच 916.

पायरी 3: टाकी मोजा

घनफळाचा धडा अनेकांना परीक्षेपुरता वाटतो. मला तो मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीने नोटीस बोर्डावर लावण्याइतका कामाचा वाटतो. त्यातलं एकच वाक्य पाठ हवं: एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर.

समजा, तुमच्या इमारतीची जमिनीखालची टाकी आतून 4 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आहे. तळाचं क्षेत्रफळ 10 चौरस मीटर. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर वाढली की 100 लिटर पाणी आलं. आता टँकर येईल तेव्हा असं करा:

1. पालिकेच्या पाण्याचा व्हॉल्व आणि वर पाणी चढवणारा पंप, दोन्ही बंद ठेवा.
2. कोरडी लांब काठी टाकीत सरळ तळापर्यंत सोडा. ओल जिथवर आली तिथे खूण करा.
3. टँकर रिकामा झाल्यावर पाणी स्थिर होऊ द्या. काठी पुसून पुन्हा सोडा, दुसरी खूण करा.
4. दोन खुणांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून 100 ने गुणा.

10,000 लिटरच्या टँकरने पातळी 100 सेंटिमीटर वर यायला हवी. 88 च आली तर 8,800 लिटर मिळालं. बिलावर सही करण्याआधी सेक्रेटरींना हा आकडा दाखवता येतो. टाकीत मध्ये खांब असतील तर त्यांचं क्षेत्रफळ आधी वजा करा, नाहीतर कमी पाणी आलं तरी ते पुरं भरल्यासारखं दिसेल.

हीच काठी गळती शोधते. रात्री पालिकेचं पाणी येऊन गेलं, पंप बंद झाला, की खूण करा. सकाळी पंप सुरू करायच्या आधी पुन्हा मोजा. तीन सेंटिमीटर उतरलं असेल तर रात्रीत 300 लिटर गेलं. रोज रात्री तेवढं गेलं तर महिन्याला 9,000, म्हणजे जवळजवळ एक टँकर.

पावसाचे मिलिमीटरही याच नियमाने समजतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 200 चौरस मीटरच्या एका गच्चीवर त्याचे 1,88,800 लिटर होतात. गच्चीच्या पन्हाळी मेमध्येच का साफ करायच्या, हे मुलांना यावरून चटकन पटतं.

पायरी 4: व्याज कोणत्या रकमेवर, ते बघा

‘फक्त 12 टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज, असं ऐकलं की थांबा. एक लाख कर्ज, एक वर्ष, व्याज 12,000. एकूण 1,12,000 चे 12 हप्ते, महिना 9,333. पण वर्षभर तुमच्याकडे लाख रुपये असतात कुठे? दर महिन्याला 8,333 मुद्दल परत जातं. पहिल्या महिन्यात लाख, शेवटच्या महिन्यात 8,333. दोन्हींची सरासरी काढा: साधारण 54,167. या रकमेवर 12,000 व्याज म्हणजे 22 टक्के! बँकेच्या काटेकोर पद्धतीने ते साडेएकवीसच्या जवळ येतं, पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला सरासरी पुरते. घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, 16 टक्के लावणारी बँक याहून स्वस्त आहे.

गृहकर्ज घटत्या शिलकेवरच असतं, तरी पहिला हप्ता उघडून बघा. 50 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता 43,391. पहिल्या महिन्याचं व्याज 50 लाखांचे साडेआठ टक्के भागिले 12, म्हणजे 35,417. मुद्दलात जातात फक्त 7,974. बोनस किंवा भिशीचे पैसे कर्जात भरायचे असतील तर सुरुवातीच्या वर्षांत भरा, कारण तेव्हा फेडलेल्या प्रत्येक रुपयाचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं. मुदत कमी करायची की हप्ता, असं बँक विचारेल. परवडत असेल तर मुदत कमी करा.

पायरी 5: वीजबिलातलं शेवटचं युनिट

एक युनिट म्हणजे 1,000 वॉटचं उपकरण एक तास. घरगुती बिलात 100, 300, 500 असे टप्पे असतात आणि 300 ओलांडले म्हणून सगळी युनिटं महाग होत नाहीत. फक्त वरची होतात. सोपे दर धरून करून बघा: पहिली 100 युनिटं 5 रुपयांनी, पुढची 200 दहाने, त्यावरची तेराने. 350 युनिटांचा वीज आकार 500 अधिक 2,000 अधिक 650, म्हणजे 3,150. सरासरी 9 रुपये. पण बचत होते ती वरच्या युनिटांची, म्हणून ती 9 ने नव्हे, 13 ने मोजा. तुमचे खरे दर बिलाच्या मागे असतात, ते घाला. स्थिर आकार वेगळा ठेवा.

75 वॉटचा जुना पंखा दिवसाला दहा तास चालला तर पाऊण युनिट जातं. 30 वॉटचा नवा पंखा 0.3 युनिट घेतो. फरक रोज 0.45, महिन्याला साडेतेरा युनिटं, म्हणजे सुमारे 175 रुपये. पंखा 3,000 चा असेल तर 17-18 महिन्यांत पैसे वसूल. वीस तास फिरणारा पंखा असेल तर निम्म्याच वेळात. घरातल्या प्रत्येक पंख्यापुढे त्याचे तास लिहा, सगळ्यात जास्त तासांचा आधी बदला.