कांस्ययुगीन कुऱ्हाडीचं पातं कसं ओळखायचं

ब्रिटन, आयर्लंड किंवा वायव्य फ्रान्समधलं कांस्ययुगीन पातं हाती आलं की नजर आधी नक्षीवर जाते. नक्षी शेवटी बघा. दांडा कसा बसवत असत ते आधी पाहा, कारण काळाचा अंदाज तिथेच येतो.

पातं सरळ सपाट असेल तर ते सगळ्यात जुन्या घाटाचं, इ.स.पू. २५०० च्या आसपास सुरू झालेल्या. त्यातली सुरुवातीची नुसत्या तांब्याची. दोन्ही बाजूंना कडा उचललेल्या असतील तर साधारण इ.स.पू. २००० नंतरचं. कडांच्या मध्ये दांडा अडवणारा आडवा बांध दिसला तर तो 'पालस्टेव्ह', इ.स.पू. १५०० च्या सुमाराचा. आणि दांडा आत घुसवायला पोकळ खोबण असेल तर बहुतेक इ.स.पू. १००० ते ६००.

प्रदेश सांगायला ही पोकळ पातीच सोयीची. साउथ वेल्स आणि यॉर्कशायर, दोन्ही प्रकारांवर तीन उभ्या रेघा असतात, म्हणून नुसत्या रेघा मोजून गफलत होते. जाड, ओबडधोबड, रेघा धारेकडे जवळ येणाऱ्या असतील तर बहुधा साउथ वेल्स. बांधा सडपातळ आणि काम नेटकं असेल तर यॉर्कशायर. आयरिश पातं पिशवीसारखं फुगीर, तोंड लंबगोल, धार पसरट. वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीचं आर्मोरिकन पातं अरुंद आणि चौकोनी, धार जेमतेम रुंदावलेली. त्यात शिसं इतकं की लाकूड तोडायला ते कुचकामी. कित्येकांत खोबणीच्या जागी साच्याचा मातीचा गाभाही तसाच राहिलेला, म्हणजे दांडा बसवलेलाच नाही. मग ही हजारोंनी ओतली कशासाठी, हा वाद अजून मिटलेला नाही.

लांबी, धारेची रुंदी आणि तोंडाचं आतलं-बाहेरचं माप मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये लिहा. मात्र लांबी-रुंदीच्या प्रमाणावर फार विसंबू नका: पुन्हा पुन्हा धार लावलेलं पातं आखूड होतं आणि वेगळ्याच प्रकारचं वाटतं. पात्याच्या बाजूला असणारी छोटी कडी तुटली असेल तर तिचे बुंधे शोधा.

घासू नका, खोबणीतली माती कोरू नका. तिच्यात दांड्याचं लाकूड उरलेलं असू शकतं आणि त्यावरून रेडिओकार्बन काळ काढता येतो. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर तो क्लोराइडमुळे होणारा कांस्यरोग; वस्तू कोरडी ठेवून संवर्धकाकडे द्या.

इंग्लंड-वेल्समध्ये एकाच ठिकाणी अशी दोन किंवा जास्त पाती सापडली तर २००३ पासून ती कायद्याने 'ट्रेझर' म्हणजे कळवणं बंधनकारक असलेला ठेवा ठरतात; १४ दिवसांत कोरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. स्कॉटलंडमध्ये एकटं पातंही कळवावंच लागतं.